अरुबावरून सिस्को दिसतो, सिस्कोवरून अरुबा नाही

कुपवाड_नेट:
कुपवाड एमआयडीसीत कारखाना. कोअरला (मुख्य जागी) सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, तीन शेडमध्ये अरुबा 2930 एफ स्विच. अरुबावर 'शो सीडीपी नेबर्स' (शेजारची उपकरणं दाखवणारी कमांड) दिलं की सिस्को दिसतो. सिस्कोवर यादी रिकामी. पिंग (पोहोचतंय का याची चाचणी), व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे विभाग) सुरळीत. शेड 3 ची फायबर मीडिया कन्व्हर्टरवर (फायबरचं साध्या तांब्याच्या केबलमध्ये रूपांतर करणारा डबा) उतरते, तिथून पाच पोर्टचा साधा स्विच, मग अरुबा. कुठली केबल कुठे जाते याचा कागद नाही, म्हणून हा खटाटोप.

पॅचकॉर्ड:
सीडीपी (शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची पद्धत) हे सिस्कोचं घरचं. अरुबा ते ऐकतो, पण स्वतः पाठवत नाही. दोघांची सामाईक भाषा एलएलडीपी, त्याच कामाची पण सगळ्या कंपन्यांची पद्धत. ते अरुबावर आधीपासून चालू असतं, सिस्कोवर बंद. कॉन्फिग मोडमध्ये 'एलएलडीपी रन' द्या आणि जरा थांबा, ओळखीची फ्रेम (संदेश) दर 30 सेकंदांनी निघते. मग 'शो एलएलडीपी नेबर्स डिटेल'.

यात हातमिळवणी नसते, जो तो आपली ओळख सांगून मोकळा. तुम्हाला तो दिसतो पण त्याला तुम्ही नाही, तर तुमचं ट्रान्समिट किंवा त्याचं रिसीव्ह बंद आहे. 'शो एलएलडीपी इंटरफेस'मध्ये कळेल.

कुपवाड_नेट:
शेड 1, 2 आले. 3 नाही.

मिरज_रॅक:
तो पाच पोर्टवाला गिळतोय. एलएलडीपी जाते 01-80-सी2-00-00-0ई या पत्त्यावर. नियमाने स्विचने ती पुढे ढकलायची नसते. काही स्वस्तातले ढकलतात, आणि ते जास्त वाईट: मधला स्विच नकाशात गायब, अरुबा थेट जोडलाय असं वाटतं. अरुबाची केबल उपटली तरी कोअरचा लिंक दिवा चालूच, त्यामुळे जुनी नोंद 120 सेकंद तशीच बसून राहते.

कन्व्हर्टर आणि स्विच दोन्ही काढा, फायबर थेट अरुबाच्या एसएफपीत (स्विचमध्ये बसणारं फायबरचं छोटं मॉड्यूल) घाला. लाइन एकाच धाग्यावर असेल तर जोडीचा बायडी (एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणारा एसएफपी) लागेल: समोरचा 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर पाठवत असेल तर इकडचा 1550 वर पाठवणारा. दोन्हीकडे सारखाच लावला तर लिंकच येणार नाही. वेगही जुळवा, जुना कन्व्हर्टर 100 एमबीपीएसचा असला तर कोअरच्या टोकालाही मॉड्यूल बदलावं लागेल.

पॅचकॉर्ड:
एक राहिलं. 'एलएलडीपी रन' सगळ्या पोर्टांना लागू होतं, इंटरनेटवाल्याच्या पोर्टलासुद्धा. आपलं मॉडेल नि सॉफ्टवेअरची आवृत्ती त्याला कशाला सांगायची? त्या इंटरफेसवर 'नो एलएलडीपी ट्रान्समिट', 'नो एलएलडीपी रिसीव्ह', 'नो सीडीपी एनेबल'. मग 'राइट मेमरी', नाहीतर पुढच्या लोडशेडिंगला सगळं धुऊन निघेल.