शब्दचर्चा : ‘ट्रेड व्हॅल्यू’ म्हणजे किंमत, भाव की मोल?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहितेय. मी फ्लोरिडात, टँपाजवळ राहते. वाचणारे बहुतेक आईबाबांच्या वयाचे. क्रिकेट तोंडपाठ, बेसबॉलशी ओळख नाही. नियम समजावून झाले, पण तीन ठिकाणी भाषा अडली आहे : ‘क्लबहाउस’ (मैदानातली खेळाडूंची खोली), तिथे होणारं भांडण, आणि ‘ट्रेड व्हॅल्यू’ (दोन संघांत खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ‘ट्रेड’, होताना एखाद्याच्या बदल्यात किती मिळतं ते). मदत हवी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर शब्द हवेत राहतील. टँपा बे डेव्हिल रेज हा संघ १९९८ मध्ये मैदानात उतरला आणि पहिल्या दहा हंगामांपैकी नऊ हंगामांत आपल्या गटात शेवटचा आला. तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना आधी संधी मिळते. त्यामुळे हरता हरता या संघाकडे एकाहून एक गुणी पोरं जमली. बी. जे. अप्टन २००२ च्या निवडीत दुसरा, डेल्मन यंग २००३ च्या निवडीत पहिला, आणि त्यांच्याच वयाचा एलायजा ड्यूक्स. तिघेही बाहेरच्या मैदानात उभे राहणारे, तिघांकडे पाहून लोक म्हणायचे, आता हा संघ वर येणार.

यंगनं २००६ मध्ये, कनिष्ठ लीगमध्ये असताना, पंचाच्या दिशेनं बॅट फेकली आणि ५० सामन्यांची बंदी ओढवून घेतली. २००७ मध्ये तो वरच्या लीगमध्ये सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला आणि नवख्यांच्या पुरस्कारात दुसरा आला. पण हंगामाच्या अगदी शेवटी, फटका मारल्यावर जीव तोडून धावला नाही म्हणून मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) जो मॅडननं त्याला सामन्यातून काढून घेतलं, आणि दोघांचं उघड वाजलं. ड्यूक्स तर मैदानाबाहेरच्या प्रकरणांमुळेच जास्त बातम्यांत असायचा. त्या वर्षी ६६ विजय, ९६ पराभव. हिवाळ्यात संघानं नावातलं ‘डेव्हिल’ काढून टाकलं आणि यंग व ड्यूक्स या दोघांना पाच दिवसांच्या अंतरानं दुसरीकडे धाडलं.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ‘दोघांची किंमत वेगवेगळी आली.’ नवरा म्हणाला, हे बैलबाजारातलं वाटतं. तेव्हापासून ते वाक्य घशात अडकलंय.

प्रतिसाद

ताई, ‘क्लबहाउस’साठी सरळ ‘ड्रेसिंग रूम’ लिहा. क्रिकेटच्या मराठी बातम्यांत ‘ड्रेसिंग रूममधलं वातावरण’ हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की कोणालाही खोलीचं चित्र दिसत नाही, माणसांमधले संबंधच दिसतात. ‘क्लबहाउस’ म्हटलं की आमच्या सोसायटीतला टेबल टेनिसचा हॉल डोळ्यांसमोर येतो, जिथे वाढदिवस होतात.

‘ट्रेड’चं म्हणाल तर आयपीएलमुळे तो आता मराठीच झालाय. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तेव्हा सगळ्यांनी ‘ट्रेड’च लिहिलं.

प्रतिसाद

‘साटंलोटं’ कसा वाटतो? तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. माणसाच्या बदल्यात माणूस, हेच तर चाललंय.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

‘साटंलोटं’ मलाही सुचला होता आणि मूळ अर्थानं तो अगदी चपखल आहे. पण आज ‘बिल्डर आणि नगरसेवकांचं साटंलोटं’ याखेरीज तो कुठे दिसत नाही. माझा वाचक समजेल की दोन संघांनी संगनमतानं काहीतरी काळंबेरं केलं. ‘बदली’ तर आणखी वाईट. एक तर ती तहसीलदाराची होते, दुसरं म्हणजे ‘बदली खेळाडू’ आधीच ठरलेला आहे, जखमी माणसाच्या जागी येणारा.

आयपीएलचा ‘ट्रेड’ घ्यायला हरकत नाही, फक्त एक फरक लेखात सांगावा लागेल. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिकच्या बदल्यात गुजरातला खेळाडू मिळाला नाही, पैसे मिळाले. बेसबॉलमध्ये मुख्य व्यवहार माणसांच्या बदल्यात माणसांचा असतो. यंगसोबत ब्रेंडन हॅरिस आणि जेसन प्रायडी मिनेसोटाला गेले. तिकडून मॅट गार्झा, जेसन बार्टलेट आणि एडुआर्डो मॉर्लन आले. तीनास तीन. पाच दिवसांनी ड्यूक्स वॉशिंग्टनला गेला, त्याच्या बदल्यात ग्लेन गिब्सन नावाचा एक कोवळा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) आला, जो पुढे वरच्या लीगमध्ये कधीच पोचला नाही.

‘ड्रेसिंग रूम’ मात्र मला थोडा तोकडा वाटतो. हंगामात १६२ सामने, जवळजवळ रोज एक. रात्रीचा सामना असला तरी पोरं दुपारीच येतात, तिथेच जेवतात, मालिश करून घेतात, पत्ते खेळतात, मध्यरात्री घरी जातात. सहा महिने हे घरच असतं. एका भिंतीला ओळीनं सगळ्यांची कपाटं, शेजारी कोण बसणार हेसुद्धा विचार करून ठरवलेलं.

प्रतिसाद

मग ‘बिऱ्हाड’ म्हणा! (हे सुचवत नाहीये, पण वर्णन वाचून तोच शब्द आला.)

भांडणासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही, निवडीचा प्रश्न आहे. ‘कुरबूर’ किरकोळ, रोजची, तोंडातल्या तोंडात. ‘धुसफूस’ म्हणजे आतल्या आत धुमसणं, बाहेर ज्वाळा नाही. ‘खटका’ एका क्षणाचा असतो, म्हणून तो ‘उडतो’. ‘बेबनाव’ झाला की बोलणं बंद. ‘भाऊबंदकी’त वाटणीचा प्रश्न असावाच लागतो, ती इथे नको. यंग आणि मॅडन यांच्यात, तुम्ही सांगता त्यावरून, खटका उडाला. तोही आधीच्या धुसफुशीवर. बेबनाव म्हणू नका.

आणि बोलीत म्हणायचं तर ‘एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो’ ही म्हण आहेच. तुमच्या लेखाला मथळा म्हणून शोभेल.

प्रतिसाद

वरच्या दादांच्या म्हणीवर थांबतो. आमची रत्नागिरीत कलमं आहेत, अढी दर वर्षी लावतो, म्हणून लिहितो.

अढी म्हणजे भाताच्या पेंढ्यावर आंब्याचा थर, वर पुन्हा पेंढा, असं रचत जाणं. कच्चा उतरवलेला आंबा त्यात उबेनं पिकतो. चार दिवसांनी हात घालून बघावं लागतं, देठाकडून काळा पडलेला काढावा लागतो, नाहीतर शेजारचे जातात. इथवर म्हण खरी आहे. पण हापूसचा एक दोष म्हणीत येत नाही : साका. वरून फळ सोन्यासारखं, वासही उत्तम, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून तज्ज्ञालासुद्धा कळत नाही. आणि साक्याचा आंबा शेजाऱ्याला नासवत नाही. तो आपल्यापुरता बिघडलेला असतो. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं की साका वाढतो, म्हणून आम्ही चौदा आणे तयार फळ उतरवतो, सोळा आण्यांची वाट बघत नाही. उन्हाळा किती तापला यावरही पुष्कळ अवलंबून. म्हणजे साका झाला तर त्यात आंब्याची चूक नसते.

त्या पोरांपैकी कोण नासका होता आणि कोणाला साका होता, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण एकच म्हण सगळ्यांना लावू नका असं वाटतं.

आणखी एक. ‘मनात अढी बसणे’ यातला शब्दही तोच उच्चार घेऊन येतो. दोन्हींचं मूळ एक आहे का, ते जाणकारांनी सांगावं. माझ्या कानाला मात्र एका उच्चारात पिकणं आणि रुसणं दोन्ही ऐकू येतं.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘चौदा आणे’ मी उचलतेय, परवानगी द्या. बेसबॉलमध्ये वरच्या लीगच्या उंबरठ्यावरच्या मुलाला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात आणि मी त्याला सगळीकडे ‘होतकरू’ लिहिलं होतं. ‘होतकरू’ छानच शब्द आहे, त्यात ‘होणार’ची आशा आहे, पण तयारी किती झाली ते त्यात सांगता येत नाही. दहा आणे तयार, चौदा आणे तयार, असं म्हटलं की माझ्या बाबांना एका ओळीत कळेल.

आणि नासक्या आंब्याबद्दल तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं, कारण पुढे काय झालं ते मला माहीत आहे. अप्टन टँपातच राहिला. २००८ च्या ऑगस्टमध्ये नीट धावला नाही म्हणून मॅडननं त्यालाही बाकावर बसवलं, अगदी यंगसारखं. तोच अप्टन ऑक्टोबरात, बाद फेऱ्यांमध्ये, सात होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारून गेला. यंगच्या बदल्यात आलेला गार्झा तरी शांत होता का? २००८ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये सामना चालू असताना त्याची आणि स्वतःच्याच संघाचा कॅचर डिओनेर नवारो याची जुंपली. ऑक्टोबरात अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना गार्झानंच जिंकून दिला आणि त्या मालिकेचा मानकरी ठरला. त्या हंगामात संघानं ९७ सामने जिंकले होते. बार्टलेटला टँपातल्या बेसबॉल वार्ताहरांनी संघातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं.

इथे कोणीही म्हणेल, पाहा, नासका आंबा काढला आणि अढी वाचली. पण यंगही २०१० मध्ये मिनेसोटासाठी ११२ धावा घडवून गेला, आणि २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना अमेरिकन लीगच्या त्या वर्षीच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला, जसा गार्झा २००८ मध्ये ठरला होता. नासका आंबा परत चांगला होत नाही. म्हणून ती म्हण मी लेखात वापरणार नाही. बाविसाव्या वर्षी एखाद्या मुलावर असा शब्द बसला की तो त्याच्या नावाआधी पोचतो.

प्रतिसाद

ताई, मग ‘बिनसलं’ म्हणा ना. ‘त्यांचं बिनसलं.’ कर्ताच नाही वाक्यात. चूक कोणाची, हे क्रियापद सांगत नाही आणि विचारूही देत नाही. लग्न मोडल्यावर आजी एवढंच म्हणायची, आणि पुढे कोणी विचारत नसे.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

हाच! इतके दिवस मी नाम शोधत बसले होते. ‘क्लबहाउस कॉन्फ्लिक्ट’ हे नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, असं धरून चालले होते. ‘यंगचं आणि मॅडनचं बिनसलं.’ झालं.

प्रतिसाद

‘ट्रेड व्हॅल्यू’ राहिली की. ‘किंमत’ नको, ते पटलं. ‘मूल्य’ फार पुस्तकी आहे, आणि ‘मूल्ये’ म्हटलं की संस्कार आठवतात. ‘हस्तांतरण मूल्य’ असं कोणी सुचवायच्या आत सांगतो, हस्तांतरण जमिनीचं होतं. बेसबॉलपटू कर्ट फ्लड आठवा. १९६९ मध्ये सेंट लुइसनं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, आणि त्यानं कमिशनरला, म्हणजे बेसबॉलच्या प्रमुखाला, पत्र लिहिलं की बारा वर्षं खेळल्यावर मी काही विकायची-घ्यायची मालमत्ता नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये तो हरला, पण खेळाडूला संघाशी कायमचा बांधून ठेवणारं कलम १९७५ च्या अखेरीस कोसळलं. आज दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. ज्या व्यवहारामागे हा इतिहास आहे, त्याला सातबाऱ्याची भाषा लावायला माझं मन धजत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

फ्लडची आठवण करून दिलीत, बरं केलंत. लेखात तो नव्हता, आता येईल.

मी आता ‘भाव’ आणि ‘मोल’ असे दोन शब्द वेगळे वापरायचं ठरवते आहे. भाव बाजारात ठरतो, चढतो-उतरतो, दुसऱ्यानं द्यायचा असतो. मोल आपल्या घरात कळतं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द लावतात, म्हणून गोंधळ होतो. यंगचा भाव त्या हिवाळ्यात चढा होता. वय बावीस, आणि वरच्या लीगमधली पहिली सहा वर्षं खेळाडू संघाशी बांधलेला असतो, त्यातही सुरुवातीची वर्षं पगार अगदी कमी. म्हणजे मिनेसोटाला यंगसोबत त्याची पुढची बरीच वर्षं मिळत होती. टँपात त्याचं मोल किती उरलं होतं, हा निराळा प्रश्न. ड्यूक्सचा भावच पडला होता, कारण त्याचं काय चाललंय ते सगळ्या संघांना ठाऊक होतं. ५२ सामन्यांत १० होमरन मारणारा मुलगा, आणि बदल्यात एक गिब्सन. बिनसल्याची बातमी दाराबाहेर गेली की भाव पडतो, म्हणून संघ ती शक्य तितकी आत ठेवतात. यंगच्या वेळी ती बाहेर गेली होती, तरी भाव टिकला. ते का, यावर माझं अजून वाचन चालू आहे.

प्रतिसाद

‘भाव खाणे’ आडवं येईल का?

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

‘त्याचा भाव पडला’ असं लिहिलं तर नाही येणार. ‘त्याला भाव मिळाला’ लिहिलं तर येईल, ते टाळते.

शेवटचा एक शब्द मीच सुचवते, चालेल का बघा. एका ट्रेडमधून आलेला खेळाडू पुढे दुसऱ्या ट्रेडमध्ये जातो, त्यातून आणखी कोणी येतं, या साखळीला इथे ‘ट्रेड ट्री’ म्हणतात. यंगच्या बदल्यात गार्झा. २०११ मध्ये गार्झा शिकागोला गेला, त्यातून क्रिस आर्चर आला. २०१८ मध्ये आर्चर पिट्सबर्गला, त्यातून टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ. २०२३ च्या डिसेंबरात ग्लासनाउ लॉस एंजेलिसला, त्यातून रायन पेपिओ. सोळा वर्षं. मी ‘वंशवेल’ लिहिलं आहे.

प्रतिसाद

वंशवेल उत्तम. ‘झाड’ लिहिलं असतंत तर खोड कुठलं, असं विचारलं असतं. वेलीला ते लागत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी)

चौदा आण्याला परवानगी कसली मागता, शब्द काय माझा आहे? अंक आला की पाठवा.