मोबाइलसाठी जाड, दणकट कव्हर घ्यावे का?

परांची:

मी पुण्याजवळ इमारतींच्या बांधकामावर साइट इंजिनिअर आहे. नकाशे पाहणे, सळ्यांच्या बांधणीचे फोटो काढणे, मापे नोंदवणे हे सगळे फोनवरच चालत असल्यामुळे तो दिवसभर हातात असतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिसऱ्या स्लॅबवर तो हातातून निसटला आणि नेमका कोपऱ्यावर आपटला. पातळ पारदर्शक कव्हर होते, तरी काच त्या कोपऱ्यापासून जाळ्यासारखी तडकत गेली. त्यानंतर मी दुहेरी थराचे कव्हर घेतले, ज्यात आत मऊ टीपीयू (रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक) आणि बाहेर पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकचे कठीण कवच असते. तेव्हापासून फोन सहा-सात वेळा तरी पडला असेल. एकदा तर अर्धवट जिन्यावरून चार पायऱ्या गडगडत गेला. कव्हरच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला, फोनला मात्र काही झाले नाही.

यामागचे गणित सोपे आहे. १.२ मीटरवरून सुटलेला फोन जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास ४.८ मीटर असतो. हा वेग १ मिलिमीटर अंतरात शून्यावर आला, तर फोनला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या बाराशेपट धक्का बसतो. कोपऱ्यातले मऊ रबर दबून तेच अंतर ३ मिलिमीटर झाले, तर धक्का चारशेपटीवर येतो. म्हणून कव्हर घेताना पाठीची जाडी पाहू नये, कोपरा आतून पाहावा. तिथे पोकळी किंवा मऊ कप्पा असेल तरच रबराला दबायला जागा मिळते. बाहेरून खडबडीत, स्क्रू मारल्यासारखी दिसणारी नक्षी शोभेपुरती असते.

खोक्यावरच्या ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. त्यांचा आधार असतो तो अमेरिकी संरक्षण खात्याचा मिल-एसटीडी-८१० हा चाचणी-मानक. त्याच्या ‘जी’ आवृत्तीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात (६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे), परंतु ती पडते काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर, आणि हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेण्याचीही मुभा आहे. शिवाय ते खाते कोणत्याही कव्हरला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनीनेच केलेली किंवा करवून घेतलेली असते. एवढे लक्षात ठेवूनही माझे मत असे आहे की उघड्यावर काम करणाऱ्याने दणकट कव्हर घ्यावेच.

खानदेशी:

आपला अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष सरसकट लागू करण्याला माझा ठाम विरोध आहे. मी जळगाव जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या ठिबक संचांची पाहणी करतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. बऱ्याच फोनसाठी भोवतालच्या तापमानाची शिफारस ३५ अंशांपर्यंतचीच असते. अशा उन्हात रबर आणि प्लॅस्टिकचे दोन थर चढवले की फोनच्या आतली उष्णता बाहेर पडायची कशी? माझ्याकडे अगदी आपण म्हणता तसले कव्हर होते. नकाशा चालू ठेवून शेताच्या बांधावरून दहा मिनिटे चाललो, की पडद्याचा उजेड आपोआप उतरायचा, चार्जिंग थांबायचे आणि कॅमेरा उघडेनासा व्हायचा. ज्या क्षणी फोनची गरज, त्याच क्षणी तो बंद. कव्हर काढल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. लिथियम बॅटरी सतत तापत राहिली तर तिची क्षमता कायमची लवकर घटते, हा तोटा तर पडद्याच्या तड्यासारखा डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरे असे, की फोन सपाट फरशीवर पडला तर कव्हरच्या, काचेपेक्षा वर उचललेल्या कडेचा उपयोग होतो. खडीवर, मुरमावर एखादा टोकदार दगड थेट काचेवर लागतो, आणि तिथे कव्हर कितीही जाड असले तरी काही करू शकत नाही. म्हणून मी साधे मऊ कव्हर, चांगली टेम्पर्ड ग्लास आणि फोनला मनगटाची दोरी एवढेच वापरतो. फोन पडूच न देणे हा त्या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

सोल्डर:

माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. फुटलेले पडदे बहुतांशी कोपऱ्यापासूनच तडकलेले येतात, त्यामुळे परांची यांचे कोपऱ्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

जाड कव्हर लोक महिनोन्‌महिने काढतच नाहीत. काढले की आत बारीक वाळूची पेस्ट सापडते, आणि कॅमेऱ्याभोवती, कडेच्या धातूवर घासल्याच्या खुणा. वाळूतले गारगोटीचे कण काचेपेक्षाही कठीण असतात, आणि कव्हरच्या आत ते अडकले की प्रत्येक हालचालीबरोबर पॉलिश कागदासारखे घासत राहतात. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. बॅटरी फुगली की मागचे झाकण किंचित वर उचलले जाते. साध्या कव्हरमध्ये ते लगेच हाताला जाणवते, कठीण कवचात मात्र दबून राहते. गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने ‘टच नीट चालत नाही’ म्हणून फोन आणला होता. कव्हर काढले तेव्हा मागची काच एका बाजूने सुटून वर आलेली होती.

चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण असलेले कव्हर म्हणजे फोन पाण्यापासून सुरक्षित, असाही समज दिसतो. ते झाकण धुळीसाठी आहे. पाण्यापासूनचे संरक्षण फोनच्या जोडांमधल्या सीलचे असते, आणि ते सील दुरुस्तीनंतर, कधी एखाद्या आपटण्यानंतरही, पूर्वीसारखे राहत नाही.

गोदाकाठ:

हाताच्या आकाराचा विचार कोणीच केलेला नाही. माझ्या आईची बोटे संधिवाताने आखडतात. भावाने प्रेमाने जाड कव्हर आणून दिले. त्याने फोन इतका रुंद आणि जड झाला की तिला तो एका हाताने धरताच येईना, आणि पूर्वी कधी न पडणारा फोन आठवड्यात दोनदा पडला. आता पातळ, खरखरीत कव्हर आहे आणि ती निर्धास्त आहे.

परांची:

गोदाकाठ, आपल्या आईसाठी आपण केले तेच योग्य. खानदेशी यांचा उष्णतेचा मुद्दाही मी मान्य करतो; आमच्याकडे साइटवर निदान सावली असते आणि मी फोन कार्यालयात, कव्हर काढून चार्ज करतो. दोरी मात्र मला चालणार नाही, कारण परांचीवर चढताना ती सळईत अडकू शकते, आणि तिथे फोन वाचवण्यापेक्षा तोल सांभाळणे महत्त्वाचे असते. काचेपुढे आलेल्या कडेविषयी एक भर घालतो: टेम्पर्ड ग्लास चिकटवल्यानंतर फोन उपडा ठेवून खालून एटीएम कार्ड सरकवून पाहावे. कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचे असते. ते सहज सरकले नाही, तर ती कड पुरेशी नाही.

सोल्डर यांचा प्रतिसाद वाचून आत्ताच कव्हर काढून पाहिले. शेवटचे कधी काढून पुसले होते ते आठवत नाही. कॅमेऱ्याच्या कडेने सिमेंटची राखाडी रेघ आहे, खालच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू निघाली, आणि ॲल्युमिनियमच्या कडेवर नखाला लागेल इतका चरा पडला आहे. पाठ सपाट आहे, उचललेली नाही. कव्हर धुऊन वाळत ठेवले आहे. यापुढे दर रविवारी काढून पुसणार आहे, पण सोमवारी साइटवर जाताना तेच चढवणार.