मदत हवी आहे: जुन्या सागवानी फळ्यांवर स्टेन डागाळला, पीयू वाळेना

पाडलेल्या वाड्यातल्या माळ्याच्या सागवानी फळ्या आहेत, सव्वा इंच जाडीच्या. जेवणाचं टेबल करायचंय. एका बाजूचा जुना ऑइलपेंट खरवडला, 120 च्या पॉलिश पेपरने घासलं आणि अक्रोड रंगाचा ऑइल स्टेन (लाकडात मुरणारा तेलकट रंग) लावला. खिळ्यांच्या भोकांभोवती शाईसारखे काळे डाग आलेत. मध्ये स्टेन धरत नाही, टोकांना मात्र काळाकुट्ट झालाय. वर पीयूचा (पॉलियुरेथेन वार्निशचा) एक हात मारला, तो चार दिवसांनीही बोटाला चिकटतोय. एक इंचाच्या खाली जाडी जायला नको.

प्रतिसाद
वर दुसरा हात अजिबात मारू नका. सागवानात मुळातच तेल असतं, ते पीयूला सुकू देत नाही. स्टेन जास्तीचा पुसला नसेल तरी हेच होतं. पीयू आणि स्टेन पत्तीने खरवडून कोऱ्या लाकडापर्यंत या. मग 80, 120, 150 च्या पॉलिश पेपरने घासा, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. पाण्याचे थेंब टाकून बघा. मोत्यासारखे उभे राहिले तर जुनं तेल किंवा पॉलिश आत मुरलेलं आहे, अजून घासा.

काळे डाग म्हणजे गंज आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचा संयोग. आधी लोहचुंबक फिरवून तुटलेले खिळे शोधून काढा, नाहीतर डाग परत येणार. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकच्या भांड्यात. फक्त डागावर नको, पूर्ण फळीवर लावा, नाहीतर तिथे फिका ठिपका उठून दिसतो. अर्ध्या तासाने दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. हे विष आहे. हातमोजे घाला आणि धुतल्याशिवाय घासू नका, त्याची धूळ घशाला झोंबते.

प्रतिसाद
टोकांसाठी: तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, म्हणून स्टेन पितात. टोकं 220 ने घासा आणि पातळ चपडा (लाखेचं पॉलिश) लावा: एक लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम. रात्रभर भिजवून, चपड्यातलं मेण खाली बसलं की वरचं निवळ तेवढंच घ्या. मेणावर पीयू धरत नाही. स्टेन फडक्याने चोळायचा, पाच-सात मिनिटांत जास्तीचा पुसायचा, पुढे 24 तास हात लावायचा नाही. मग सगळीकडे हाच चपडा एक हात, आणि त्यावर पीयू. चपडा पावसाळी हवेत मारू नका, पांढरा पडतो.

प्रतिसाद
जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून उरलेला रंग कोरडा घासू नका आणि जाळूही नका. पाणी मारून ओला खरवडा, मास्क लावा, घरात लहान मूल असेल तर काम बाहेरच. स्टेनची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

धागाकर्ता
चपडा लावण्याआधी थिनरने पुसू का?

प्रतिसाद
पुसा, पण स्टेनच्या आधी; नंतर पुसलात तर रंगच निघेल. ॲसिटोन असेल तर उत्तम, थिनरपेक्षा लवकर उडतं. फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसा आणि अर्ध्या तासाच्या आत स्टेन लावा, कारण तेल आतून पुन्हा वर येतं.