मदत हवी आहे: आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दाखवायला व्हिडिओ, शक्यतो वऱ्हाडीत

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, काटोलकडच्या गावात राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. संत्र्याची तोड आटोपली की करू म्हणून मार्चमधली तारीख घेतली आणि तिला नागपूरला आमच्याकडे मानेवाड्याला आणलं. आदल्या रात्री भाच्याने चांगल्या मनानेच तिला मोबाइलवर ऑपरेशनचा व्हिडिओ लावून दिला. स्क्रीनभर एकच डोळा, पापण्या ताणून धरलेल्या आणि बाजूने आत शिरणारं पातं. आई काही बोलली नाही, ताटावरून उठून गेली. रात्रभर कुशी बदलत होती. सकाळी दवाखान्यात वरचं बीपी १९० निघालं आणि ऑपरेशन पुढे ढकललं.

घरी आल्यावर म्हणाली, "मले नाही करायचं बाप्पा. डोयात सुरी घालून राहिले ते लोकं."

तिची भीती आजची नाही. १९८० च्या सुमारास माझ्या आजीचं ऑपरेशन कॅम्पमध्ये झालं होतं. तेव्हा भिंग काढायचे, पण बदली बसवायचे नाहीत. टाके, डोळ्यांवर पट्ट्या, कित्येक दिवस उताणं पडून राहणं, मग तो जाड भिंगांचा चष्मा. आजीचं सगळं आईनेच केलं. तिच्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे अजून तेच आहे.

दवाखान्याच्या हॉलमध्ये माहितीचा व्हिडिओ टीव्हीवर सुरू असतो, पण आवाज बंद आणि खाली हिंदीत बारीक अक्षरं. समोर बसलेले सगळे मोतीबिंदूचे पेशंट. त्यांनी ती वाचायची कशी? मला फार वाईट वाटलं. काउन्सेलर ताई चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर रांग असते आणि आई परक्या माणसाला काही विचारत नाही.

मग मी घरीच तिच्याजवळ बसून तिचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. "डोया काढून वाटीत ठेवते म्हणे, खरं का?" "तोंडावर फडकं टाकते, मग दम कसा घेऊ?" "मधातच खोकला आला त?" "पापणी मिटली त?" एकाही व्हिडिओत मला याची धड उत्तरं मिळाली नाहीत. सगळे व्हिडिओ डॉक्टरच्या बाजूने काढलेले. टेबलावर पडलेल्या माणसाला काय दिसतं, काय ऐकू येतं, ते कोणीच दाखवत नाही.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. ("उन्हाळ्यात डोया करत नाही" हा शेजारचा सल्ला झाला. डॉक्टरांनी सांगितलं, ऋतूचा काही संबंध नाही.) असा मराठी किंवा वऱ्हाडी व्हिडिओ कोणाकडे आहे का? नसेल तर मीच फोनवर करते. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आतून काय जाणवलं ते सांगा. आणि खऱ्या डोळ्याचं दृश्य दाखवावं की नाही?

— काटोलची_लेक

संत्राबर्फी: माझ्या बाबांचं गेल्या वर्षी झालं, फक्त थेंबांनी डोळा बधिर करून. त्यांचं वर्णन असं: आधी झगझगीत दिवे, मग सगळं विरघळल्यासारखं, निळं-गुलाबी, जणू पाण्याखालून बघतोय. मशीनचा बारीक सूर मधूनमधून बदलतो. कानशिलावरून गार पाणी ओघळतं, ते रक्त असेल असं वाटून बाबा दचकले होते. एवढं एक आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणतात. आत शिरल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत मोकळे.

दृष्टी_वॉर्ड: मी डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. ताई, तुम्ही प्रश्न लिहून घेतले हे फार चांगलं केलं, तेच क्रमाने घ्या. डोळा जागेवरून हलतही नाही. छेद साधारण ३ मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्यातून नवं भिंग घडी घालून आत सोडतात, ते आत उलगडतं. पापण्या छोट्या क्लिपने धरलेल्या असतात, त्यामुळे मिटायची काळजी नाही. फडकं नाकावर चिकटत नाही, खालून हवा येत राहते. खोकला आला तर डोकं न हलवता आधी बोलायचं, "डॉक्टर, खोकला." ते हात थांबवतात. पण डोळा थेंबांनी बधिर करणार की इंजेक्शनने, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच व्हिडिओत सांगा, नाहीतर ऐन वेळी विश्वास उडतो.

दिवे आणि रंग दिसतील हे आधी सांगितलं तर पेशंट कमी घाबरतात, हे अभ्यासांतही दिसलंय. खऱ्या डोळ्याचं दृश्य नकोच. मुख्य भर आवाजावर ठेवा, कारण बघणाऱ्याला धूसर दिसतंय. तीन-तीन मिनिटांचे तुकडे करा. आदल्या रात्री पहिल्यांदा नको, आठवडाभर आधी दाखवा. ऐकून झालं की "आई, आता तू मला सांग" म्हणा. कुठे अडकली ते लगेच कळेल.

आणखी एक, बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्याच. पुरुष पेशंट असतील तर प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी आवर्जून सांगा. तिने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो, डॉक्टरांना आधी माहीत हवं.

काटोलची_लेक: दोघांचे मनापासून आभार. काल पहिला तुकडा केला. आवाज माझ्या मावशीचा, वऱ्हाडीत: "अक्का, फडकं टाकलं त घाबरू नको, नाकापाशी हवा येते." पाण्याचं ओघळणंही घातलं. आईने तीनदा ऐकला. मग स्वतःच पलंगावर उताणी झाली, तोंडावर ओढणी घेतली, हात पोटावर ठेवले आणि मला म्हणाली, "घड्याळ लाव." बारा मिनिटं हलली नाही.

आता ऑपरेशननंतर घालायच्या थेंबांचा तुकडा राहिला. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, हे मी तिच्याच हातांचं शूटिंग करून दाखवणार आहे. दुखणं किंवा लाली वाढली, नजर अचानक कमी झाली तर थांबायचं नाही, तडक दवाखाना, हेही त्यातच. पण बाटल्या सारख्याच दिसतात आणि तिला वाचता येत नाही. एकीला दोऱ्याची गाठ, एकीला रबर, असं कोणी केलंय का? टिकतं का ते?