प्रति: बहिष्कार आणि विक्रीची घसरण
'समलिंगी ग्राहकांसाठी जाहिरात केली की धंदा बसतो, टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं बघा' हे अर्धंच खरं. २०२३च्या मे-जुलै तिमाहीत टार्गेटची तुलनात्मक विक्री (आधीपासून चालू असलेल्या दुकानांची आणि ऑनलाइन, आदल्या वर्षीच्या तुलनेत) ५.४ टक्क्यांनी घटली आणि प्राइडच्या, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या अभिमान-महिन्यासाठीच्या, मालावरची नाराजी हे त्यामागचं एक कारण म्हणून कंपनीनेच सांगितलं. पण लोकांनी बिगरगरजेच्या वस्तूंवरचा खर्च आवरता घेतलाय, हेही तेव्हाच सांगितलं होतं. ते कोणी उद्धृत करत नाही.

सरसकट नियमच काढायचा तर २०१२चं जेसीपेनी, ही दुसरी अमेरिकी दुकानसाखळी, आठवा. उघडपणे समलिंगी असलेली टीव्ही निवेदिका एलेन डीजेनरेस हिला जाहिरातीत घेतलं म्हणून 'वन मिलियन मॉम्स' या सनातनी गटाने ओरड केली. कंपनी बधली नाही; उलट फादर्स डेच्या कॅटलॉगात दोन बाबा आणि त्यांची मुलं झळकली. त्या वर्षी विक्री साधारण २५ टक्के कोसळली. झालं, बहिष्काराचा विजय? छे. नवे सीईओ रॉन जॉन्सन यांनी कूपनं आणि सततचे सेल बंद करून सरळ एकच भाव लावला होता, आणि कूपनं जपून ठेवणारं जुनं गिऱ्हाईक त्यानेच पळालं. (सूट मिळाल्याचं समाधान भावापेक्षा मोठं असतं, हे कुठल्याही दुकानदाराने सांगितलं असतं.) एप्रिल २०१३मध्ये जॉन्सन गेले आणि कूपनं परत आली.