रिपोर्टमध्ये फ्लुकोनाझोलपुढे 'आर' आलंय, गरोदरपणाचा 26वा आठवडा, आता काय?

धास्तावलेली२६: मागच्या महिन्यात प्रचंड खाज, आग आणि फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायला लागलं. डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या दिल्या, रोज रात्री आत ठेवायच्या, सात दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी बंद केल्या (हो, माहितीय, ओरडू नका). पंधरा दिवसांत परत तेच सुरू. आता कल्चरमध्ये (बुरशी वाढवून बघायची टेस्ट) कॅन्डिडा ग्लाब्राटा नावाची बुरशी आलीय आणि फ्लुकोनाझोल या बुरशीच्या औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, ते तिच्यावर चालत नाही. माझ्या अर्धवट कोर्समुळे झालं का हे? बाळाला काही होईल का? डॉक्टर सोमवारी भेटणार, तोपर्यंत झोप नाही.

दोघांची_आई: अगं आधी शांत हो. पोटात असताना इस्ट्रोजेन वाढतं, आतल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं आणि बुरशीचं फावतं, खूप जणींना होतं हे. माझ्या दुसऱ्या वेळी रिपोर्टमध्ये कॅन्डिडा होतं पण त्रास शून्य, डॉक्टर म्हणाल्या नुसतं असण्याला औषध नाही, त्रास असेल तरच. तुला त्रास आहे म्हणून तुझं वेगळं. आणि घरात कुणाची फ्लुकोनाझोलची गोळी पडली असेल तर ती अजिबात खाऊ नकोस.

प्लेटवाली: मी लॅबमध्ये आहे, रिपोर्टचं तेवढं सांगते, औषध डॉक्टरच ठरवतील. ग्लाब्राटा मुळातच अझोल कुळातल्या औषधांना (फ्लुकोनाझोल त्यातलंच) कमी दाद देते, चार दिवसांत तू तिला रेझिस्टंट केलंस असं समजू नकोस. बहुतेक ती आधीपासूनच होती. आणि गंमत म्हणजे तो 'आर' फ्लुकोनाझोलचा, जे प्रेग्नन्सीत तोंडाने शक्यतो देतच नाहीत, म्हणजे जी वाट बंद झाली त्या वाटेने तू जाणारच नव्हतीस. पण क्लोट्रिमाझोलही त्याच कुळातलं, त्यामुळे तेही कमी पडू शकतं, हे मात्र खरं. शिवाय आम्ही टेस्ट करतो 7 पीएचला, आत असतो साधारण 4 (आकडा कमी म्हणजे अ‍ॅसिड जास्त), आणि अ‍ॅसिडमध्ये अझोलचा जोर आणखी उतरतो. सोमवारी निस्टॅटिनबद्दल विचार, ते वेगळ्या कुळातलं. ग्लाब्राटावर बोरिक अ‍ॅसिड चालतं असं नेटवर दिसेल, पण गरोदरपणात ते नाही म्हणजे नाही.

दोघांची_आई: हो आणि एक, गोळी ठेवल्यावर सकाळी कपड्यावर पांढरा चुरा येतो तो गोळीचाच असतो, मी तो बघून परत इन्फेक्शन झालं म्हणून रडले होते. अ‍ॅप्लिकेटर वापरायचा की बोटानेच ठेवायची तेही विचार, मला बोटानेच सांगितलं होतं.

रात्रपाळी: शुगर झाली का? 24 ते 28 आठवड्यांत तशीही करतात, आणि वारंवार होणाऱ्या फंगलमागे कधीकधी तीच असते. पाणी गळाल्यासारखं वाटलं, रक्त गेलं, ताप आला किंवा पोटात कळा आल्या तर सोमवारची वाट बघू नकोस, लगेच जा.

धास्तावलेली२६: जाऊन आले. निस्टॅटिन, चौदा रात्री, बोटानेच. बाळ ठीक आहे, डॉक्टर म्हणाल्या डिलिव्हरीच्या वेळी असेल तर फार तर त्याच्या तोंडात पांढरे चट्टे येतात, त्यावर औषध आहे. शुगर उद्या. @प्लेटवाली ताई, तुझं 'बंद वाट' नवऱ्याला वाचून दाखवलं, माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. यावेळी पाकिटावर तारखा लिहिल्यात, चौदाही संपवणार.