मदत हवी आहे: ड्रायरमधून कपडे गरम पण ओलेच निघतात, बाल्कनीच्या भिंतींना पाणी सुटलंय (कोल्हापूर)

रंकाळ्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे, म्हणजे लंगोट, दुपटी, झबली यांचा रोजचा ढीग. जूनपासून ऊन असं दिसलेलंच नाही. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही गार लागतात आणि वास मारतात. म्हणून उन्हाळ्यातच ड्रायर घेऊन ठेवला होता. वॉशिंग मशीनमधला नाही, वेगळा, गरम हवेचा. वाफ मागच्या नळीतून बाहेर टाकणारा, २००० वॅटचा.

बिल्डरनं ज्याला ड्राय बाल्कनी म्हटलंय (हसू नका) तिथं वॉशिंग मशीनच्या वर स्टँडवर बसवलाय. बाल्कनी साधारण चार बाय आठ फूट, स्लायडिंग खिडक्या लावून बंद केलेली. बसवायला आलेल्या माणसानं नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि पारवे, डास आत येऊ नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी बांधून दिली.

मे महिन्यात सगळं झकास चाललं होतं. आता मात्र पूर्ण प्रोग्रॅम झाल्यावर कपडे बाहेर काढले की हाताला चटका बसेल इतके गरम, पण लंगोटांच्या घड्या आणि पॅंटचे कमरपट्टे ओलेच. दुसऱ्यांदा लावावे लागतात. 'ऑटो'वर ठेवलं तर अर्ध्या तासातच मशीन 'झालं' म्हणून थांबतं. वेळ लावून चालवलं तरी ओल राहतेच. दाराच्या काचेला आतून थेंब, बाल्कनीच्या टाइल्सवरून पाण्याचे ओघळ, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी, आणि स्वयंपाकघराचं लाकडी दार फुगून लागेना झालंय. लिंट फिल्टर प्रत्येक वेळी हातानं साफ करते.

सर्व्हिसवाला येऊन गेला. हीटर चालू आहे, मोटर चालू आहे, "पावसाळ्यात असंच होतं मॅडम" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. सासूबाईंचं मत, शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी टाकावीत, आमची पोरं तशीच वाढली. फ्लॅटमध्ये निखाऱ्याची शेगडी पेटवायचं धाडस मला नाही. मशीन खराब आहे, की जागा चुकलीये? बदलून घेण्यासाठी भांडायचं, की आणखी काही तपासायचं?

सोल्डरगन:
ताई, भांडू नका इतक्यात. कपडे गरम निघतात म्हणजे हीटर ठीक आहे. पाणी उडतंय पण ते जायला वाट नाही, असा प्रकार दिसतोय.

हिशेब बघा. तीन किलो सुती कपडे मशीननं चांगले पिळले तरी त्यांत पावणेदोन-दोन लिटर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन नळीतून जायला पाहिजे. तुमची बाल्कनी धरा आठ घनमीटरची. २५ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सगळ्या बाल्कनीची हवा मिळून दोनशे ग्रॅमसुद्धा धरत नाही, आणि जुलैत ती आधीच जवळजवळ भरलेली असते. नळीतून थोडी जरी वाफ आत परतली तरी ती टाइल्सवरच बसणार, दुसरीकडे जाणार कुठं? वर ड्रायर तीच दमट हवा पुन्हा ओढतो. मे महिन्यात हवा कोरडी, खिडक्या उघड्या, म्हणून चालून गेलं.

माझा पहिला संशय त्या जाळीवर. फिल्टर कितीही साफ ठेवा, बारीक लव त्याच्यातून सुटतेच, आणि ओल्या वाफेबरोबर जाऊन डासांच्या जाळीवर वाकळेसारखी बसते. वाट तुंबली की आतलं तापमान वाढतं, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थंड झालं की पुन्हा चालू. म्हणजे मशीन तासभर फिरतं पण तासभर तापत नाही. सर्व्हिसवाल्यानं दोन मिनिटं चालवून पाहिलं असेल तर हे त्याला दिसणारच नाही.

करून बघा: खिडक्या सताड उघडा, मागची नळी काढा, थोडे ओले कपडे घालून दहा मिनिटं चालवा. मशीनच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जोरात फडफडला तर दोष नळीत किंवा जाळीत. तिथंच वारा मंद असेल तर आत लव साठलीय किंवा पंख्यात काहीतरी आहे, मग मेकॅनिक लागेल. वारा जोरात पण गार असेल तर हीटर नाहीतर कटआउट (जास्त तापलं की हीटर तोडणारा स्विच).

चुलतकाकू:
बाळाचे कपडे कुठल्या प्रोग्रॅमवर धुतेस गं? बेबी किंवा डेलिकेट असेल तर तो पिळतोच कमी. धुणं झालं की नुसता स्पिन एकदा वेगळा लाव, मशीनचा असेल तो सगळ्यात जास्त वेग. घरात बॅग मोजायचा काटा असेल तर आधी आणि नंतर वजन करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि फॅब्रिक कंडिशनर टाकत असशील तर लंगोटांना तरी बंद कर, पाणी शोषतच नाहीत मग ते.

सोल्डरगन:
काकूंचा कंडिशनरचा मुद्दा ड्रायरलाही लागू आहे, लिहायचा राहिला. 'ऑटो' लवकर थांबणं हा वेगळा आजार आहे. ड्रममध्ये समोरच्या बाजूला स्टीलच्या दोन पट्ट्या असतील. ओला कपडा दोन्हींना एकदम लागला की त्यातून बारीकसा करंट जातो, त्यावरून मशीन ओल ओळखतं. कंडिशनरचा मेणचट थर पट्ट्यांवर बसला की करंट जात नाही आणि मशीनला वाटतं वाळलं. प्लग काढून पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा. फिल्टरवरही तोच थर बसतो. फिल्टर नळाखाली धरा, पाणी जाळीवर साचून राहिलं तर साबण आणि जुना ब्रश घेऊन घासा, वाळवूनच परत बसवा.

शाहूपुरी४१६:
व्होल्टेज बघा की. आमच्या गल्लीत संध्याकाळी २००च्या खाली जातं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर असते, २३० ला २००० वॅट देणारा २०० ला दीड हजारच देतो. सकाळी लावून बघा फरक पडतो का. आणि १६ अँपियरच्या सॉकेटवरच आहे ना? एक्स्टेंशन बोर्डवर असेल तर आजच काढा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सॉकेट १६ चंच आहे, व्होल्टेज इन्व्हर्टरवर २२५ दिसतंय.

कागदाची परीक्षा केली. नळी काढल्यावर कागद हातातून उडाला. नळी लावल्यावर दुसऱ्या टोकाला जेमतेम हलत होता. जाळी सोडवली तर करड्या रंगाचा जाडसर पापुद्राच निघाला, आणि नळीला मध्ये झोळ पडला होता त्यात वाटीभर पाणी. खिडक्या उघड्या ठेवून जाळीशिवाय चालवलं तर तेच कपडे एका फेरीत वाळले. पट्ट्या पुसल्यावर ऑटोही नीट थांबतंय.

काकू, वजन केलं. कोरडे तीन किलोचे कपडे बेबी प्रोग्रॅमनंतर ५.४ किलो, वेगळा स्पिन दिल्यावर ४.८. सहाशे ग्रॅम पाणी फुकट गेलं की!

आता अडचण अशी की खिडक्या पश्चिमेला आहेत. उघड्या ठेवल्या तर झड थेट आत येते. आणि जाळी नाही तर पारवे. कायमचं काय करू?

सोल्डरगन:
खिडकीच्या एका पाल्यातली काच काढून तिथं ॲक्रिलिकची शीट बसवा, तिला चार इंची भोक. उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून चार इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) पाइप आणि बाहेर खाली तोंड केलेला एल्बो करून घ्या. खाली तोंड असलं की झड आत येत नाही. टोकाला जाळी नको, हलकी झडप लावा, हवेनं उघडते आणि मशीन थांबलं की पडते, पारवेही येत नाहीत. पाइप जमेल तेवढा आखूड आणि सरळ, बाहेरच्या बाजूला थोडा उतार, म्हणजे झोळ पडून पाणी साचणार नाही.

आणि जेवढी हवा बाहेर जाणार तेवढी आत आली पाहिजे. मशीन चालू असताना स्वयंपाकघराचं दार थोडं उघडं ठेवा. त्याच बाल्कनीत गॅस गिझर असेल तर दोन्ही एकाच वेळी कधीही चालवू नका, ड्रायरचा पंखा गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो.

शाहूपुरी४१६:
कंडेन्सरवाला, म्हणजे वाफेचं आतच पाणी करून टाकीत साठवणारा ड्रायर का नाही घेतला? त्याला नळीच नसते.

सोल्डरगन:
त्याची टाकी दर वेळी ओतायची आणि आतला कंडेन्सर धुवायचा, आणि बंद बाल्कनीत थोडी वाफ तोही सोडतोच. हीट पंपवाला (तीच उष्णता फिरवून पुन्हा वापरणारा) वीज निम्म्याच्या आसपास घेतो पण किंमत बघून चक्कर येते. आहे तो चांगला आहे, राहू द्या.

धागाकर्ती:
गिझर इलेक्ट्रिक आहे, बाथरूममध्ये. उद्यमनगरात उद्या नवऱ्याला पाठवते. अजून एक, मालिशचे टॉवेल यात टाकले तर चालतील का? तेल पूर्ण निघत नाही धुऊन.

सोल्डरगन:
ते अजिबात नको. तेल राहिलेला कपडा गरम घडीत पडून राहिला की आपोआप तापत जातो, आग लागू शकते. ते टॉवेल दोरीवरच, पंख्याखाली. स्वयंपाकघरातली तेलकट फडकीही तशीच. आणि पत्रेवाल्याला आधीच सांगा, पाइपच्या जोडांना स्क्रू मारू नकोस, आत आलेल्या टोकांना लव अडकते. जोडांवर ॲल्युमिनियमची टेप पुरते.